बैलाडिला १४ नंबर : आज्जाच्या कपाटातला जड दगड

आमच्या शेजारच्या गल्लीतली एक मुलगी, बीएस्सीला आहे, परवा पिशवीत एक दगड घेऊन आली. सोलापूरच्या पूर्व भागातलं आज्जाचं जुनं घर रिकामं करत होते, तेव्हा कपाटात खालच्या खणात सापडला म्हणे. काळपट, मध्येच लालसर, आणि त्याला चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईनं लिहिलेलं, 'बैलाडिला १४ नं. १९७१'. काका, हे बैलाडिला कुठं आलं, १४ नंबर म्हणजे काय, असा दगड आपल्या सोलापुरात का नाही आणि तिथं जाता येतं का, असे तिचे प्रश्न. दगड हातात घेतला आणि माझे हातच थांबले, कारण खाणीत जिऑलॉजिस्ट म्हणून माझी तीस वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी त्याच डोंगरावर. तोंडी सांगायला बसलो तर अर्धं राहील म्हणून लिहूनच काढतो.

तर पोरी, आधी त्या दगडाचं वजन. परवा आपण केलं ते आठव. काट्यावर ६४० ग्रॅम भरला. मग मापाच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात बुडवला तर पाणी १३० मिलीनं वर चढलं. ६४० ला १३० नं भाग, ४.९ येतात. म्हणजे त्याच आकाराच्या पाण्यापेक्षा जवळजवळ पाचपट जड. मग माझ्या अंगणातला आपला काळा दगड घेतला, ४३५ ग्रॅम, पाणी चढलं १५० मिली, म्हणजे २.९. दोन्ही दिसायला काळेच पण एक दुसऱ्याच्या पावणेदोन पट जड, हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही, हातावर घेऊनच कळतो. आणि बाथरूमच्या टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासल्यावर काय उमटलं ते तू बघितलंस, दगड काळा पण रेघ लाल. ही हेमटाइट ह्या लोखंडाच्या खनिजाची खूण. तुळशीवृंदावनाला, कुंड्यांना आपण जो गेरू लावतो ना, त्याचा रंग ह्याच हेमटाइटचा. फक्त गेरूत माती फार आणि तुझ्या दगडात लोखंड फार, शंभर किलोत पासष्ट किलोच्या आसपास नुसतं लोखंड. जगात एवढं चांगलं ओअर, म्हणजे धातू काढायचा कच्चा दगड, फार ठिकाणी नाही.

आता कुठं ते. छत्तीसगडच्या अगदी दक्षिणेला दंतेवाडा जिल्हा आहे, पूर्वी सगळा मिळून बस्तर जिल्हाच होता. तिथं जंगलातून एकदम वर उठलेली दक्षिणोत्तर रांग म्हणजे बैलाडिला. नावातच सगळं आलं, बैलाचा डिला म्हणजे बैलाचं वशिंड. गड्ड्याच्या जत्रेत खिलार बैल तू बघितलेस, त्याची पाठ सपाट जाते आणि मानेपाशी वशिंड उभं राहतं, अगदी तस्सं लांबून दिसतं ते. एक रांग नाही खरं तर, दोन समांतर रांगा आणि मध्ये खोल दरी, लांबी पस्तीस-चाळीस किलोमीटर, आणि माथा सव्वाबाराशे मीटरच्या वर जातो. आपलं सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर आहे, त्यावरून अंदाज कर. पायथ्याला दोन गावं, बचेली आणि किरंदुल, आणि वर डोंगरावर कामगारांसाठी वसवलेली आकाशनगर आणि कैलाशनगर. पावसाळ्यात आकाशनगरला सकाळी दार उघडलं की ढग घरात यायचा, दोरीवरचे कपडे चार चार दिवस वाळायचे नाहीत, आणि ढग फाटला की खाली नुसतं हिरवंगार जंगल, एक दिवा दिसणार नाही असं.

त्या डोंगरातल्या ओल्या नाळांमध्ये ट्री फर्न आहेत, माणसाच्या दुप्पट उंच नेचे, खोडावर उभे. नेचे म्हणजे आपल्याला विहिरीच्या कडेला उगवणारी बारकी पानं माहीत. तिथं पहिल्यांदा त्यांच्या खाली उभा राहिलो तेव्हा मी कामाचं विसरलो होतो. सल्फीची झाडंही पुष्कळ, आपल्याकडं भेरली माड म्हणतात ते, त्याचा रस तिथल्या माणसाच्या लग्नात, सणात, देवाच्या कामात लागतो, आणि ज्याच्या दारात सल्फी तो घरचा बरा असं समजतात.

हा डोंगर उभा का राहिला हे समजलं की दगड जड का हेही समजतं. दोन अब्ज वर्षांपेक्षा जुनी गोष्ट आहे, तेव्हाच्या समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं, जसजसा पाण्यात ऑक्सिजन वाढला तसतसं ते गंजून तळाला बसायला लागलं, एक थर लोखंडाचा एक थर सिलिकाचा (वाळूत असते ती), एक लोखंडाचा एक सिलिकाचा, असे कागदासारखे पातळ थर. ह्याला आम्ही बीएचक्यू म्हणतो, लाल-करड्या पट्ट्यांचा दगड, फार कठीण. त्यात लोखंड तीस-पस्तीस-चाळीस टक्केच असतं. मग डोंगर वर आल्यावर लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्यानं सिलिका हळूहळू धुऊन नेली, लोखंड मागं राहिलं. म्हणजे तुझ्या हातातला दगड कुणी भर घालून जड केलेला नाही, हलकं होतं ते पाण्यानं काढून नेल्यामुळं तो जड झालाय. उन्हात तिरपा धरून बघ, एका कडेला बारीक बारीक पापुद्रे दिसतील वहीच्या पानांसारखे. ते जुने समुद्रातले थर.

आणि पाण्यानं सिलिका नेली पण मागं राहिलेलं लोखंड पुन्हा जुळून घट्ट झालं नाही तर काय होतं, तर ब्लू डस्ट. हे मला नीट सांगू दे. निळसर करड्या रंगाची पावडर, पोलादासारखी चकाकते, डोंगराच्या पोटात अशीच्या अशी पावडर भरलेली. मुठीत घेतली तर बोटांमधून पाण्यासारखी गळते आणि हात मात्र लालभडक होतात. मी रुजू झालो १९८३ ला, दुसऱ्याच वर्षी एका ड्रिल होलचं लॉगिंग, म्हणजे किती खोलीवर काय लागलं ते लिहून काढायचं काम, माझ्याकडं आलं. ड्रिलिंगमधून दगडाची नळकांडी निघते, ती पत्र्याच्या कोअर बॉक्समध्ये ओळीनं लावतात. एके ठिकाणी सहा मीटर बॉक्स रिकामा. मी लॉगमध्ये लिहून टाकलं, 'पोकळी'. दोन आठवड्यांनी आमचे सीनिअर साहेब मला होलवर घेऊन गेले आणि ड्रिलमधून परत येणारं पाणी ज्या खड्ड्यात साचायचं तिथला गाळ मुठीत उचलून माझ्या तळहातावर ठेवला, निळा गाळ. ती पोकळी नव्हती, ब्लू डस्ट होती, सगळ्यात उत्तम माल, ड्रिलच्या पाण्यानं धुऊन बाहेर आलेला. माझ्या एका शब्दामुळं सहा मीटर उत्तम ओअर कागदावरून गायब झालं असतं. त्या दिवसापासून रिकामा बॉक्स दिसला की मी आधी पाण्याचा खड्डा बघायला जायचो, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच आठवड्यात तो खड्डा दाखवला.

आता १४ नंबर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे प्रमथनाथ बोस ह्या भागात फिरले आणि इथं लोखंड आहे हे त्यांनी नोंदवलं. हे बोस म्हणजे मोठा माणूस, ओडिशातल्या मयूरभंजच्या लोखंडाबद्दल १९०४ ला जमशेदजी टाटांना पत्र लिहिलं ते ह्यांनीच, आणि त्यावरून पुढं जमशेदपूर उभं राहिलं. त्याआधी नागपूरच्या म्युझियममध्ये दोराबजी टाटांनी दुर्ग जिल्ह्याचा जो रंगीत नकाशा बघितला आणि तिथल्या लोखंडाचा नाद लागला, तोही बोसांच्याच सर्व्हेवरचा. बैलाडिल्याचं सविस्तर मॅपिंग मात्र १९३० च्या दशकात त्याच सर्व्हेच्या क्रुकशँक ह्यांनी केलं. रस्ता नाही, मलेरिया, वाघ, सामान माणसांच्या खांद्यावर, आणि त्या माणसानं दोन्ही रांगा पायी फिरून ओअरचे साठे वेगळे काढले आणि त्यांना ओळीनं आकडे दिले, एक ते चौदा. तेच आकडे आजपर्यंत चालतात. पुढं त्यातल्या काहींचे तुकडे पडले, अकराचा ए, बी, सी झाला, पण मूळ मोजणी त्यांचीच. तुझे आज्जा चौदा नंबरला होते म्हणजे किरंदुलच्या बाजूला.

एवढं लोखंड सापडलं तरी तीस वर्षं कुणी हात लावला नाही, कारण साधं आहे, तिथून ते आणणार कसं. लोखंडाचं ओअर म्हणजे सोनं नव्हे की पोत्यात भरून नेलं, लाखो टन हलवायचं तर रेल्वे पाहिजे आणि बंदर पाहिजे. इथं जपान आला. युद्धानंतर जपानला पोलाद पाहिजे होतं आणि त्यांच्याकडं ओअर जवळजवळ नाहीच. त्यांचे तज्ज्ञ पन्नासच्या दशकात येऊन डोंगर बघून गेले. इकडं १९५८ ला सरकारनं एनएमडीसी ही खाण कंपनी काढली, १९६० ला जपानच्या पोलाद कारखान्यांशी करार झाला, बैलाडिल्यातून वर्षाला चाळीस लाख टन आणि आताच्या झारखंडातल्या किरीबुरूमधून वीस लाख टन. आणि त्यासाठी पूर्व घाट फोडून कोत्तवलसा ते किरंदुल साधारण साडेचारशे किलोमीटरची ब्रॉडगेज लाइन टाकली, ५८ बोगदे. म्हणजे बस्तरच्या माणसाला रेल्वे पाहिजे होती म्हणून ती आली नाही, दगडाला समुद्रापर्यंत जायचं होतं म्हणून आली. आजही त्या लाइनवर प्रवाशांच्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि मालगाड्या दिवसरात्र.

ती लाइन बांधणाऱ्यांना माझा कायम नमस्कार आहे. नुसतं चढून उतरायचं नाही तिथं. किरंदुलहून भरलेली गाडी जगदलपूरच्या पठारावर येते, मग भरल्या वजनानिशी कोरापुटकडं चढते, शिमिलिगुडा स्टेशन ९९६ मीटरवर आहे, बरीच वर्षं ते भारतातलं सगळ्यात उंच ब्रॉडगेज स्टेशन होतं, आणि तिथून एकदम समुद्रापर्यंत उतार. हजारो टन लोखंड घेऊन उतरणारी गाडी ओढायची नसते, धरून ठेवायची असते. सगळं कसब ब्रेकचं.

चौदा नंबर खाण १९६८ ला सुरू झाली, बचेलीची पाच नंबर १९७७ ला. विशाखापट्टणमचं आउटर हार्बर १९७६ ला झालं तेही मोठी ओअरची जहाजं लागावीत म्हणूनच. तुझे आज्जा १९७१ ला तिथं म्हणजे अगदी सुरुवातीच्या लोकांमधले. सोलापूरच्या गिरणीत फिटर होते, घरी तेलुगू बोलायचे, असं तू म्हणालीस, मग त्यांना तिथं करमलं असणार, कारण किरंदुलच्या बाजारात तेलुगू, हिंदी, हलबी, गोंडी, बंगाली सगळं एकत्र चालतं. आणि क्रशरवर, म्हणजे दगड फोडायच्या मशीनवर, चांगला फिटर म्हणजे देव. डोंगर वरून खाली बारा-बारा मीटरच्या पायऱ्यांनी कापत आणायचा, त्याला बेंच म्हणतात, ड्रिल मारायचं, ब्लास्ट करायचा, शॉवेलनं डंपरमध्ये भरायचं, क्रशरमध्ये ओतायचं, आणि मग कन्व्हेयर बेल्टवरून माल खाली स्टेशनला. क्रशरचा जबडा अडकला की वर डंपरची रांग आणि खाली रिकाम्या वॅगनची रांग, आणि मध्ये एक फिटर पाना घेऊन आत उतरलेला. आज्जाच्या बनियनचा लाल रंग कधी गेला नसणार, विचार आज्जीला. आमच्या घरात पांढरा कपडा आणायचाच नाही असा नियम होता.

हे सगळं अभिमानानं सांगतोय कारण अभिमान आहेच. पण अर्धंच सांगितलं तर तुझ्याशी खोटं बोलल्यासारखं होईल.

एक म्हणजे सगळं काम मशीननं होत नव्हतं, हातानं दगड फोडणारे, वेचणारे कंत्राटी कामगार हजारोंनी होते, त्यात आदिवासी पुष्कळ. त्यांची कपात झाली, आंदोलन झालं, आणि एप्रिल १९७८ ला किरंदुलला पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली, झोपड्या जळाल्या. मी पाच वर्षांनी तिथं गेलो तरी जुने लोक त्या जागेवरून जाताना आवाज खाली करायचे.

दुसरं पाणी. ओअर धुतलं की बारीक लाल गाळ निघतो, स्लाइम. त्याला अडवायला बंधारे असतात पण पाऊस तिथला असा की सगळं अडत नाही. दंतेवाड्याला दंतेश्वरी देवीचं देऊळ आहे ते शंखिनी आणि डंकिनी ह्या दोन नद्यांच्या संगमावर. संगमावर उभं राहून बघ, शंखिनी लाल येते. पात्रात लाल, काठावरच्या शेतात लाल. हेच पाणी पुढं इंद्रावतीत जातं आणि इंद्रावती आपल्या गडचिरोलीच्या हद्दीवर गोदावरीला मिळते. डोंगर छत्तीसगडात असला तरी त्याचं पाणी महाराष्ट्राला लागूनच जातं. गडचिरोलीत सुरजागडला हेच लोखंड, हेच पट्ट्यांचे दगड, म्हणून तिथलं काही कानावर आलं की मला आधी शंखिनी आठवते.

तिसरं म्हणजे हे नंबर. आम्ही आयुष्यभर म्हणायचो पाच नंबर, चौदा नंबर, तेरा नंबर. २०१९ च्या जूनमध्ये तेरा नंबरला खाण नको म्हणून हजारो आदिवासी चालत किरंदुलला येऊन गेटसमोर बसले, रांधायची भांडी, धनुष्यबाण, लहान पोरं सगळं घेऊन. त्यांचं म्हणणं, हा नंदराज डोंगर आहे, आमचा देव आहे, पिटोड राणीची जागा आहे, आणि ग्रामसभेची जी मंजुरी कागदावर दाखवली तशी सभाच झाली नाही. राज्य सरकारला काम थांबवावं लागलं. मी तेव्हा रिटायर होऊन सोलापुरात होतो, टीव्हीवर बघत होतो, आणि माझ्या मनात आलं की तेरा नंबरचे आकडे मला तोंडपाठ आहेत, टक्के, टन, सगळे, आणि नंदराज हे नाव एवढ्या वर्षांत माझ्या एकाही रिपोर्टमध्ये मी लिहिलेलं नाही. मोजणाऱ्यानं डोंगराला आकडा द्यावा, त्याशिवाय आमचं काम होत नाही. पण त्या आकड्याच्या शेजारी गावच्या माणसाचं नाव लिहायला एक ओळ पुरली असती आणि ती मी लिहायला हवी होती. तू पुढं जिऑलॉजी घेणार असशील तर फील्ड डायरीत पहिल्या पानापासून ती ओळ लिही.

सोलापुरात का नाही हे राहिलं. आपल्या पायाखाली लाव्हा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर. काळी माती त्याचीच. लोखंड त्यातही असतं, पण सगळ्या दगडात विखुरलेलं, काढायला परवडत नाही. जुना दगड असलाच तर त्याच्या खाली. १९९३ चा किल्लारीचा भूकंप तुझ्या घरच्यांना आठवत असेल, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं आणि पहाटे जमीन हलली, मी सुट्टीवर घरीच होतो, सगळी गल्ली रस्त्यावर. नंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल बोअर मारला तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हा संपला आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटसारखा दगड लागला. एवढी जाड गोधडी अंगावर असल्यावर खाली काय आहे ते कोण बघतं. दक्षिणेला रायचूरकडं गोधडी संपते आणि लगेच हट्टीला सोन्याची खाण आहे.

जायचं असेल तर सोलापूरहून कोणार्क एक्स्प्रेसनं विशाखापट्टणम, आणि तिथून सकाळची किरंदुल पॅसेंजर. विमानाचा विचारच करू नकोस कारण तुझ्यासाठी ही गाडीच प्रॅक्टिकल आहे. सोलापूर सोडलं की काळा दगड, गाडी शहाबाद-वाडीला आली की फरशीचा चुनखडी दगड, आपल्या घराघरात आहे तीच शहाबादी, मग तेलंगणात ग्रॅनाइटचे एकावर एक ठेवल्यासारखे गोल धोंडे, आणि विशाखापट्टणमनंतर घाटात खोंडालाइट नावाचा तांबूस दगड. पॅसेंजरमध्ये खिडकी धर, बोर्रा गुहांच्या स्टेशनपासून अराकूपर्यंत झोपू नकोस. पुढं गाडी कधी कधी दंतेवाड्यापर्यंतच चालवतात, निघायच्या आधी चौकशी कर. खाणीत असंच कुणाला सोडत नाहीत, पण १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेला डोंगरावर जायला लोकांना परवानगी मिळते, ते बघून जा. फरसपाल गावावरून ढोलकलचा गणपतीही बघ, ह्याच रांगेतल्या एका सुळक्यावर उघड्यावर बसलेली जुनी दगडी मूर्ती. जानेवारी २०१७ मध्ये ती कुणीतरी खाली दरीत ढकलली, तुकडे वेचून जोडून पुन्हा तिथंच बसवली. वाट जंगलाची आहे, गावातला माणूस बरोबर घे आणि पैसे त्याच्या हातात दे. आणि सध्या वातावरण कसं आहे ते दंतेवाड्यात विचारल्याशिवाय आत जाऊ नकोस.

दगडाला वॉर्निश लावू नकोस, आता पुन्हा पाण्यात घालायचाही नाही, नुसता कोरड्या फडक्यानं पूस. कागद सुटत आलाय, त्याला सेलोटेप लावू नकोस, काही वर्षांत पिवळी पडून अक्षर घेऊन निघते. कागद जपून सोडवून दगडाबरोबर एकाच डबीत ठेव आणि एका नव्या चिठ्ठीवर आज्जाचं नाव, क्रशर का शॉवेल कुठं होते ते, आणि वजन ६४० ग्रॅम लिही. आज्जीकडं तेव्हाचे फोटो असतील तर एकदा घेऊन ये, मागं कुठला बेंच दिसतोय ते मी ओळखून देतो.